दवाखान्याच्या जहाजावर बिऱ्हाड

‘मर्सी शिप्स’ ही ख्रिस्ती सेवासंस्था आफ्रिकेतल्या बंदरांमध्ये रुग्णालय-जहाजे चालवते. या जहाजांवर शस्त्रक्रिया मोफत होतात आणि उपचार करताना रुग्णाचा धर्म विचारला जात नाही. सेनेगल आणि गिनी या मुस्लिमबहुल देशांनी ही जहाजे आपल्या बंदरात बोलावली आहेत. शल्यविशारदांपासून कप्तान, इंजिनियर, स्वयंपाकी आणि सफाई कामगारांपर्यंत जहाजावरचा जवळजवळ प्रत्येक माणूस स्वयंसेवक असतो. त्याला पगार मिळत नाही. उलट राहण्या-जेवणाचा आणि प्रवासाचा खर्च तो स्वतःच्या बचतीतून किंवा आपल्या चर्चने, नातेवाइकांनी, मित्रांनी दिलेल्या देणग्यांतून भागवतो. अनेक जण एकटे येतात आणि काही आठवड्यांनी परततात. पण काही जण जोडीदार आणि लहान मुलांसह येतात आणि वर्ष, दोन वर्षे, कधी त्याहून बराच काळ तिथेच संसार करतात. परदेशात सहकुटुंब सेवेला जाण्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांतला हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे, कारण इथे दवाखाना, घर आणि शाळा एकाच जहाजात असतात आणि एकाची अडचण दुसऱ्याला लगेच जाणवते.

या जहाजांची गरज का पडते, ते आधी पाहायला हवे. जागतिक शस्त्रक्रिया-सेवांचा अभ्यास करणाऱ्या ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१५ मध्ये असा निष्कर्ष काढला की, जगातल्या सुमारे ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाखालच्या देशांत ही उणीव सर्वांत तीव्र आहे. त्यामुळे इतरत्र बालपणीच दुरुस्त होणारा दुभंगलेला ओठ तिथे माणूस प्रौढ होईपर्यंत तसाच राहतो. मोतीबिंदूने आलेले आंधळेपण कायमचे ठरते. भाजल्यानंतर आखडलेला हात आखडलेलाच राहतो. अडलेल्या बाळंतपणात झालेल्या जखमेमुळे सतत लघवी गळणाऱ्या स्त्रीला घराबाहेर राहावे लागते. जबड्यात होणारी अमेलोब्लास्टोमा नावाची गाठ कर्करोगासारखी शरीरभर सहसा पसरत नाही. पण ती वेळीच काढली नाही तर वर्षानुवर्षे वाढत राहते, आणि अखेर गिळणे आणि श्वास घेणे अशक्य करते. असा चेहरा झालेल्या माणसाला अनेक खेड्यांत शापित समजतात. त्याच्या आजारात एकाकीपणाचाही मोठा भाग असतो.

अशा रुग्णांपर्यंत जहाजाने पोहोचण्याची कल्पना अमेरिकन तरुण डॉन स्टीव्हन्स यांच्या मनात १९६४ मध्ये रुजली. त्या वर्षी ते बहामा बेटांवर असताना क्लिओ चक्रीवादळ आले. डॉक्टर आणि परिचारिका घेऊन येणारे एखादे जहाज असते तर किती बरे झाले असते, अशी एका मुलीची प्रार्थना आपण तिथे ऐकली, असे ते पुढे सांगत. ‘एसएस होप’ हे अमेरिकन रुग्णालय-जहाज १९६० पासून देशोदेशी फिरत होते, त्यामुळे डोळ्यांसमोर नमुना होता. १९७८ मध्ये डॉन आणि त्यांच्या पत्नी डेऑन यांनी सुमारे दहा लाख डॉलर किमतीला ‘व्हिक्टोरिया’ हे इटालियन प्रवासी जहाज मिळवले. १९५३ मध्ये बांधलेले हे जहाज लॉइड त्रिएस्तिनो कंपनीच्या पूर्वेकडच्या मार्गावर चालत असे आणि मुंबई हा त्या मार्गावरचा महत्त्वाचा थांबा होता. त्याला ‘अनास्तासिस’ हे नवे नाव मिळाले. ग्रीसच्या किनाऱ्यावर दुरुस्ती आणि पैशांची जुळवाजुळव यांत काही वर्षे गेली आणि ते निघाले १९८२ मध्ये. ‘अनास्तासिस’ २००७ मध्ये निवृत्त झाले आणि गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर तोडले गेले.

स्टीव्हन्स दांपत्य चार मुलांसह दहा वर्षे ‘अनास्तासिस’वर राहिले. त्यांच्या एका मुलाला जन्मापासून गंभीर अपंगत्व होते आणि जहाजाच्या कामामागे त्या अनुभवाची मोठी प्रेरणा होती. संस्थेची घडी बसली तेव्हापासूनच जहाजावर मुले होती, त्यामुळे मुलांच्या सोयीचा विचार मागाहून जोडावा लागला नाही. मुलांना आपल्याजवळ ठेवायचे तर जहाजावर शाळा हवी, हे त्या पहिल्या कुटुंबांनी ओळखले. संस्थेच्या इतिहासातल्या अनेक निर्णयांपेक्षा हा निर्णय अधिक दूरगामी ठरला, असे म्हणायला हरकत नाही.

त्याचे महत्त्व कळण्यासाठी जुन्या मिशनरी कुटुंबांकडे पाहावे लागते, आणि तो इतिहास महाराष्ट्राच्या अगदी जवळचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले. त्यांतले गॉर्डन हॉल यांनी मुंबईतच संसार मांडला. मुलांची प्रकृती इथे टिकेना म्हणून त्यांच्या पत्नी दोन मुलांना घेऊन अमेरिकेच्या प्रवासाला निघाल्या. दोघांपैकी एक मुलगा समुद्रावरच दगावला. हॉल स्वतः १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असताना पटकीने गेले. ही शोकांतिका एकट्या हॉल कुटुंबाची नव्हती. जुन्या मिशनांच्या दफनभूमींत लहान मुलांच्या कबरी मोठ्या संख्येने आढळतात. पुढे आगबोटी आल्या, औषधे सुधारली, तरी मुलांचा प्रश्न सुटला नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला मायदेशी नातेवाइकांकडे पाठवणे किंवा थंड हवेच्या ठिकाणी वसतिगृहात ठेवणे हे दोनच मार्ग होते. मसुरीजवळ लांडोरची वुडस्टॉक शाळा १८५४ मध्ये निघाली आणि कोडाइकनालची शाळा १९०१ मध्ये. दोन्ही शाळा उत्तम होत्या आणि आजही आहेत. तरीही आई-वडिलांपासून वर्षातले अनेक महिने दूर राहणे ही सेवेची किंमत लहान मुलांनी मोजली, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

जहाजावरच्या शाळेने ही ताटातूट टाळली. संस्थेच्या या शाळेत शिशुवर्गापासून बारावीपर्यंतचे शिक्षण मिळते. शिक्षकही स्वयंसेवकच, तेही आपला खर्च स्वतः भरतात. वर्ग छोटे, शिकवण्याची भाषा इंग्रजी आणि मुले अनेक देशांची. जहाज साधारण दहा महिने एका बंदरात राहते आणि उरलेल्या काळात दुरुस्तीसाठी गोदीत जाते. हे चक्र शाळेच्या वर्षाशी बरेचसे जुळते.

संस्थेचे ‘आफ्रिका मर्सी’ हे जहाज मुळात डेन्मार्कमध्ये रेल्वेचे डबे समुद्रापार नेणारी फेरीबोट होते. १९९७ मध्ये तिथला पूल आणि बोगदा रेल्वेसाठी खुला झाला आणि फेरीबोटीचे काम संपले. संस्थेने १९९९ मध्ये ती विकत घेतली आणि तिच्यात पाच शस्त्रक्रियागृहे उभी केली. २००७ मध्ये ती रुग्णसेवेत आली. रेल्वेचे डबे जिथे उभे राहत, त्या प्रशस्त डेकवर आता रुग्णालय आहे. चीनमध्ये २०२१ मध्ये बांधून पूर्ण झालेले ‘ग्लोबल मर्सी’ मात्र पहिल्या आराखड्यापासून याच कामासाठी रचले आहे. त्याची लांबी १७४ मीटर आहे. त्यावर सहा शस्त्रक्रियागृहे, सुमारे २०० रुग्णखाटा, सहाशेहून अधिक सेवकांची राहण्याची सोय आणि शाळा आहे. नवे जहाज आखताना शाळेची जागा नकाशातच धरली गेली, ही बाब बोलकी आहे.

शाळेचा आणि शस्त्रक्रियेचा संबंध कसा आहे, हे डॉ. गॅरी पार्कर यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. कॅलिफोर्नियाचे हे मुख व जबड्याचे शल्यविशारद १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही महिन्यांसाठी ‘अनास्तासिस’वर आले. त्यांना जीवनसाथी जहाजावरच भेटली. दोन मुले झाली, तीही जहाजावरच वाढली, आणि पार्कर दशकानुदशके तिथेच शस्त्रक्रिया करत राहिले. जबड्यातली कित्येक किलोंची गाठ काढून चेहरा पुन्हा उभा करण्याचे कौशल्य त्याच प्रकारचे असंख्य रुग्ण हाताळल्यावर येते. मुलांच्या शिक्षणासाठी पाचव्या-सहाव्या वर्षी परतावे लागले असते तर तो अनुभव त्यांच्याबरोबर निघून गेला असता. हीच गोष्ट मुख्य इंजिनियरची, बधिरीकरण करणाऱ्या डॉक्टरची आणि अनुभवी परिचारिकेची. तिशी-चाळिशीतल्या, कामात मुरलेल्या माणसांना बहुधा शाळकरी मुले असतात. अशी माणसे दीर्घकाळ हवी असतील तर त्यांच्या मुलांची सोय करावीच लागते. म्हणून या जहाजांवरच्या प्राथमिक शिक्षिकेचे काम शस्त्रक्रियागृहातल्या कामाइतकेच रुग्णाच्या उपयोगी पडते.

रोजचे जीवन अर्थातच आटोपशीर असते. कुटुंबाला मिळणारी केबिन शहरातल्या लहान सदनिकेपेक्षाही लहान असते. जेवण सार्वजनिक भोजनगृहात होते. पाणी जपून वापरावे लागते आणि अंघोळ दोन मिनिटांत उरका असे सांगितले जाते. आगीच्या आणि जहाज सोडण्याच्या कवायती नियमित होतात आणि त्यात लहान मुलांनीही जीवरक्षक जाकीट चढवून ठरलेल्या जागी हजर व्हायचे असते. आई-वडील दोघेही कामावर असतील तर त्यांच्या पाळ्या मुलांभोवती बसवाव्या लागतात. रात्री तातडीची शस्त्रक्रिया निघाली तर शेजारच्या केबिनमधले कोणीतरी मुलांजवळ येऊन बसते. रक्ताची गरज पडली तर जहाजावरच्या लोकांचेच रक्त घेतले जाते. म्हणजे तिथले सगळे प्रौढ मिळून एक चालती रक्तपेढी असते. दुपारी ज्या रुग्णाशी ओळख झाली त्याच्या शरीरात आता आपल्या वडिलांचे रक्त आहे, हे तिथल्या एखाद्या मुलाला सहज माहीत असू शकते.

रुग्णालयाच्या भागात मुलांना मनाला येईल तसे हिंडता येत नाही. जंतुसंसर्गाचा धोका दोन्ही बाजूंनी असतो. पण रुग्णांना मोकळ्या हवेसाठी उघड्या डेकवर आणतात, आणि शस्त्रक्रियेनंतर घरी जाण्याइतके बरे न झालेल्यांसाठी किनाऱ्यावर निवासाची सोय असते. अशा ठिकाणी मुलांची आणि रुग्णांची गाठ पडते. पहिल्यांदा प्रचंड गाठ आलेला चेहरा पाहून लहान मूल दचकते. त्याने मोठ्याने प्रश्न विचारला तर त्याला गप्प करणे सर्वांत सोपे असते, पण योग्य नसते. हे काय आहे, का झाले, डॉक्टर काय करणार आहेत आणि या काकांचे नाव काय आहे, एवढे आई-वडिलांनी आधीच सांगितलेले असले तर मूल चेहऱ्यापलीकडे लवकर जाते. रुग्णाचे दुःख आपल्या मुलांना शहाणे करण्याचे साधन होणार नाही, ही काळजी मोठ्यांनी घ्यायची असते. रुग्णाची परवानगी नसताना काढलेला फोटो, घरी पाठवलेल्या पत्रातले त्याच्या दैन्याचे रसभरीत वर्णन, यांनी त्याचा अपमानच होतो.

आरोग्याची तयारी हा सहकुटुंब प्रवासाचा सर्वांत कडक भाग आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बहुतेक देशांत प्रवेशासाठी पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो. ही लस साधारणपणे नऊ महिने पूर्ण झाल्यावरच देतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर ग्राह्य धरला जातो. तान्ह्या बाळासह निघण्याचा बेत इथेच थांबतो. गोवर आणि कांजिण्यांच्या लसी पूर्ण असणे घरापेक्षा जहाजावर अधिक महत्त्वाचे असते, कारण एका मुलाचा संसर्ग शाळेत पसरला की रुग्णालयाला झळ पोहोचायला वेळ लागत नाही. मलेरियाचा धोका तर याहून मोठा. आफ्रिकेत मलेरियाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू पाच वर्षांखालच्या मुलांचे असतात. तिथल्या माणसांना वारंवार लागण होऊन वाढत्या वयात काहीशी प्रतिकारशक्ती येते. बाहेरून आलेल्या मुलाला ती मुळीच नसते. त्यामुळे वजनाप्रमाणे प्रतिबंधक गोळ्या, तिन्हीसांजेनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी यांत सवलत नसते. ताप आला की तो मलेरिया नाही हे तपासणीने ठरेपर्यंत मलेरियाच समजायचा. कुत्र्याने चाटले किंवा ओरखडले तर मुले मार पडेल म्हणून लपवतात. रेबीज लक्षणे दिसल्यावर बरा होत नाही, म्हणून असे काही झाल्यास न घाबरता लगेच सांगायचे, हे मुलांना निघण्यापूर्वीच पटवून द्यावे लागते.

ठरलेला बेत फिसकटणे हेही या जीवनात गृहीत असते. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली तेव्हा ‘आफ्रिका मर्सी’ने तिकडचा बेत बदलून मादागास्कर गाठले. कोरोनाच्या साथीत २०२० मध्ये हेच जहाज सेनेगलमधल्या डकार बंदरातून वेळेआधी निघाले आणि कॅनरी बेटांवरच्या तेनेरीफला जाऊन थांबले. तीस-पस्तीस लोकांना एका मजल्यावर कोंडून ठेवणे सोपे, पण शेकडो लोकांचे मुलांबाळांसह जहाज साथीत सांभाळणे फार कठीण. अशा वेळी मुलांची सुरक्षितता आणि खोळंबलेले रुग्ण यांच्यात निवड करावी लागते, आणि दोन्ही बाजूंनी दुःख असते.

मुलांच्या वाट्याला येणारे दुःख म्हणजे वारंवारचे निरोप. काही आठवड्यांचे स्वयंसेवक सतत येत-जात असतात आणि जिवलग मित्राचे कुटुंबही एक दिवस निघून जाते. परक्या देशांत वाढणाऱ्या मुलांच्या या अवस्थेचा अभ्यास अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी केला. १९५० च्या दशकात त्या आणि त्यांचे पती भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांच्या अभ्यासासाठी आले होते. आई-वडिलांची एक संस्कृती, भोवतालच्या समाजाची दुसरी, आणि या दोहोंच्या मध्ये परदेशस्थ कुटुंबांनी आपसांत उभी केलेली तिसरी; अशा मुलांना त्यांनी ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ म्हटले आणि ही संज्ञा रूढ झाली. या मुलांना भाषा लवकर येतात आणि अनोळखी माणसांत ती सहज मिसळतात. तू कुठला, या प्रश्नावर मात्र अडखळतात. कामानिमित्त आखातात किंवा अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांनाही हा अनुभव थोड्याफार फरकाने येतो. निरोपाची सवय झाली म्हणून त्याचे दुःख कमी होते असे नाही. ते आत साठते. म्हणून निरोपासाठी वेळ काढणे, रडू देणे, पुढे पत्रव्यवहार चालू ठेवणे, याला अनुभवी कुटुंबे फार महत्त्व देतात.

परदेशी सेवेचा दुसरा, अधिक प्रचलित प्रकार म्हणजे एक-दोन आठवड्यांची कौटुंबिक सहल. अमेरिकेतल्या अनेक चर्चमार्फत कुटुंबे उन्हाळ्याच्या सुटीत मेक्सिको, ग्वातेमाला अशा देशांत जातात. भिंत रंगवतात, मुलांसाठी खेळ घेतात आणि परततात. अशा प्रवासात कुटुंबाला खूप काही मिळते. त्या गावाला मिळते ते मात्र बहुधा थोडे, कारण भिंत रंगवणारी माणसे गावात असतात आणि त्यांना मजुरी हवी असते. असा प्रवास शिकण्यासाठी आहे असे उघडपणे मानले तर त्यात गैर काही नाही. यजमान संस्थेने मागितलेले काम करावे, नसेल मागितले तर पाहुणे म्हणून राहावे.

अनाथाश्रमांतल्या भेटी मात्र टाळल्याच पाहिजेत. आपल्या मुलांना तिथल्या मुलांशी खेळू द्यावे, ही इच्छा चांगली असते. पण अशा संस्थांत ठेवलेल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुण्यांच्या देणग्या वाढल्या की गरिबांच्या घरांतून मुले आणून संस्था भरण्याचा व्यवहार सुरू होतो. नेपाळ आणि कंबोडियात हे उघडकीस आले. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली. शिवाय दर आठवड्याला नवा पाहुणा जीव लावतो आणि निघून जातो, हा आघात ज्या मुलाजवळ हक्काचे माणूस नाही त्याच्यावर पुन्हा पुन्हा होतो. जहाजावरचे मूल निरोपानंतर आपल्या आईच्या कुशीत जाते. अनाथाश्रमातल्या मुलाला तो आसरा नसतो.

जहाजांवरही एक रास्त आक्षेप आहे. जहाज येते, शस्त्रक्रिया करते आणि निघून जाते. मागे काय उरते? या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी संस्था आता सरकारांशी आधी करार करून स्थानिक शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणावर भर देते. सिएरा लिओनच्या फ्रीटाउनमध्ये २००५ साली तिने बाळंतपणातल्या जखमांवर उपचार करणारे केंद्र किनाऱ्यावरच उभारले आणि पुढे ते दुसऱ्या विश्वस्त संस्थेकडे सोपवले. प्रशिक्षणाला शस्त्रक्रियेपेक्षा अधिक काळ लागतो. शिकवणाऱ्याला स्थानिक भाषा थोडीफार यावी लागते, विश्वास मिळवावा लागतो, आणि हे काम काही आठवड्यांच्या पाहुण्याकडून होत नाही. इथेही सहकुटुंब, दीर्घ मुदतीच्या सेवकांचीच गरज पडते.

अशा सेवेसाठी निघणाऱ्या कुटुंबाला काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. दोन वर्षांचा खर्च कोण उचलणार, घर भाड्याने द्यायचे की विकायचे, आजी-आजोबांच्या आजारपणात कोण परतणार, आणि मूल जहाजावर खरोखरच रमले नाही तर किती दिवस वाट पाहून माघारी यायचे. परतल्यावर शाळेत प्रवेश मिळण्यासाठी गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाचे तपशील जपून ठेवावे लागतात. नव्या वर्गात पहिले काही महिने मूल गप्प राहण्याची शक्यता असते. भोवतालच्या मुलांचे विषय त्याला नवे असतात आणि त्याचे विषय त्यांना. मोठ्यांनाही नोकरीतला खंड भरून काढावा लागतो. काही कुटुंबे वर्षभरात रुळतात, तर काही बचत साठवून पुन्हा अर्ज करतात.